रक्तदात्याला इतके प्रश्न का विचारतात?

रक्तदानाला गेलं की सुईच्या आधी हातात येतो तो एक लांबलचक अर्ज. अलीकडे कावीळ झाली होती का? गोंदवून घेतलंत का? दात काढला, शस्त्रक्रिया झाली, ताप येऊन गेला, परदेशी जाऊन आलात? पुढचे प्रश्न तर त्याहून खासगी. बरेच जण ते धड न वाचताच 'नाही'वर खुणा करत जातात आणि खाली सही करून मोकळे होतात. रक्त नाहीतरी तपासणारच आहेत, काही असलं तर कळेलच, असा त्यामागचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत रक्त देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला मोजावी लागते.

रक्ताची प्रत्येक पिशवी किमान चार संसर्गांसाठी तपासली जावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते: एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि सिफिलिस. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या काढतात, त्यामुळे नजरेतून सुटलेला एक विषाणू तीन रुग्णांपर्यंत पोचू शकतो. आणि थॅलेसेमिया झालेल्या मुलाला तर दर काही आठवड्यांनी रक्त लागतं. आयुष्यभरात त्याच्या शरीरात शेकडो अनोळखी माणसांचं रक्त जातं. त्यातल्या एकेकाचा प्रामाणिकपणा त्याच्या तब्येतीशी थेट जोडलेला असतो.

चाचण्या आहेत, तर मग अडतं कुठे? अडतं ते वेळेपाशी. एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सीच्या सुरुवातीच्या चाचण्या विषाणू शोधतच नव्हत्या. विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं त्या शोधत. ही प्रतिपिंडं तयार व्हायला एचआयव्हीच्या बाबतीत साधारण तीन आठवडे लागतात, हिपॅटायटीस सीच्या बाबतीत दोन महिने किंवा त्याहूनही जास्त. तोवर माणूस ठणठणीत दिसतो, त्याचा अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि त्याच्या रक्तात विषाणू वाढत असतो. या आंधळ्या काळाला रक्तपेढीत 'विंडो पिरियड' म्हणतात.

तो कमी करण्यासाठी आली नॅट ही चाचणी. ती प्रतिपिंडांची वाट पाहत नाही. विषाणूचं जनुकीय द्रव्य थेट पकडून त्याच्या असंख्य प्रती काढते, म्हणून अगदी थोडे विषाणू असले तरी तिला सुगावा लागतो. एचआयव्हीचा आंधळा काळ तिच्यामुळे दहा-अकरा दिवसांवर आला, हिपॅटायटीस सीचा जवळपास आठवड्यावर. पण शून्यावर कुणाचाच आला नाही.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. नॅट महाग पडते, म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक नमुना वेगळा न तपासता सहा, सोळा किंवा चोवीस दात्यांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करतात. सोळा नमुने एकत्र केले की बाधित रक्त सोळापट पातळ होतं. म्हणजे विषाणू सापडण्याइतका वाढायला त्याला चार वेळा दुप्पट व्हावं लागतं. एचआयव्ही साधारण वीस तासांत दुप्पट होतो, तेव्हा त्याच्या बाबतीत उशीर होतो तो तीन-साडेतीन दिवसांचा. हिपॅटायटीस बी मात्र संथ आहे. त्याला दुप्पट व्हायला अडीच दिवस लागतात, म्हणून तिथे उशीर जातो दहा दिवसांवर. चाचणी तीच, यंत्र तेच, पण एका विषाणूला तीन दिवसांची सवलत मिळते आणि दुसऱ्याला दहा. रक्तातून हिपॅटायटीस बी जाण्याचा धोका इतका चिवट का राहिला, त्याचं एक कारण या आकडेमोडीत आहे.

यंत्राच्या आधी माणूस निवडणं किती मोलाचं, याचा धडा अर्ध्या शतकापूर्वीच मिळाला होता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. त्यातल्या जवळजवळ दर तिसऱ्या रुग्णाला नंतर यकृताचा दाह, म्हणजे हिपॅटायटीस, होत होता. त्या काळी बरंचसं रक्त पैसे घेऊन देणाऱ्यांकडून यायचं. १९७० च्या सुमारास ते बंद करून फक्त स्वेच्छेनं देणाऱ्यांचं रक्त घ्यायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. हिपॅटायटीस बीच्या चाचणीचाही त्यात वाटा होता, पण ती तेव्हा फारशी तल्लख नव्हती. मोठा फरक पडला तो दाता बदलल्यामुळे. पैशांची गरज असलेला माणूस आजार लपवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तशी वेळ त्याच्यावर आणणारी व्यवस्थाच चुकीची होती.

उरलेल्या दहा टक्क्यांमागे कोण आहे, ते मात्र कळेना. १९७५ मध्ये एवढंच सिद्ध झालं की तो हिपॅटायटीस ए नाही आणि बीही नाही. तो हिपॅटायटीस सी, हे समजायला १९८९ साल उजाडलं. चाचणी आली १९९० मध्ये. या शोधासाठी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. पण मधल्या पंधरा वर्षांत रक्तपेढीकडे या विषाणूसाठी एकही थेट चाचणी नव्हती. एचआयव्हीचंही तसंच. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांमध्ये एड्स दिसू लागला १९८२ मध्ये, रक्त तपासण्याची सोय झाली १९८५ मध्ये. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेलं औषध घेणाऱ्या या रुग्णांपैकी अमेरिकेत जवळपास निम्म्यांना एचआयव्हीची लागण झाली. चाचणी येईपर्यंतच्या त्या वर्षांत दात्याला प्रश्न विचारणं आणि त्यानं खरं सांगणं, एवढाच आधार रक्तपेढीच्या हाताशी होता.

आजही काही बाबतींत तीच स्थिती आहे. हिवतापाचे अगदी मोजके परजीवी रक्तात असले तर नेहमीच्या तपासणीत ते सुटू शकतात, म्हणून प्रवासाबद्दलचा प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये 'मॅड काऊ' या गुरांच्या रोगाशी संबंधित मेंदूचा आजार रक्तातून गेल्याची मोजकी उदाहरणं घडली. त्यासाठी रक्तपेढीत वापरता येईल अशी चाचणीच नाही. म्हणून अनेक देशांनी, १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्यांचं रक्त वर्षानुवर्षं घेतलं नाही.

जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियांचा, प्रश्न वेगळाच. ते बहुधा दात्याच्या कातडीवरून येतात. कितीही पुसलं तरी सुई आत जाताना कातडीचा सूक्ष्म तुकडा आणि त्यावरचे जंतू सोबत नेते. म्हणून अनेक ठिकाणी पहिलं तीसेक मिलिलिटर रक्त मुख्य पिशवीत जाऊच देत नाहीत. ते बाजूच्या छोट्या पिशवीत वळवतात आणि चाचण्यांचे नमुने त्यातूनच भरतात. इतका साधा उपाय, पण प्लेटलेट्स घेणाऱ्या रुग्णासाठी फार मोठा. कारण तांबड्या पेशी थंडीत ठेवतात, प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात, आणि ती ऊब जंतूंनाही मानवते.

अहवालात काही आलं म्हणून रक्तपेढीचा फोन आला, तर लगेच हातपाय गाळू नयेत. ९९.८ टक्के निरोगी माणसांना बरोबर ओळखणारी चाचणीही दहा हजार निरोगी दात्यांमागे वीस जणांवर नाहक शिक्का मारते. संशय आला की पिशवी टाकून देतात, पण दात्याचं निदान पुढच्या खातरजमेनंतरच होतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दोन प्रकारच्या दात्यांची. एक, ज्याच्या हातून नुकतंच काही जोखमीचं घडलं आहे आणि ज्याला गुपचूप एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची आहे. फुकट आणि कुणाला न कळता होईल म्हणून तो रक्त देतो, आणि नेमका आंधळ्या काळातच देतो. एचआयव्हीची गोपनीय तपासणी स्वतंत्रपणे करून मिळते, तिथेच जावं. दुसरा, घरच्या रुग्णासाठी रक्त द्यायला आणलेला नातेवाईक. सगळे ताटकळत असताना 'मी देऊ शकत नाही' हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणूनच दात्याशी बोलणं बंद दाराआड व्हायला हवं, आणि रक्त नाकारण्याचं कारण घरच्यांना कळता कामा नये.

नॅट आणि स्वेच्छेनं येणारे दाते या दोन्ही गोष्टी जिथे पक्क्या आहेत, अशा देशांत रक्तातून एचआयव्ही जाण्याची शक्यता दहा लाख पिशव्यांमागे एकाहूनही कमी झाली आहे. अर्जात काही राहून गेलं असेल, किंवा रक्त देऊन आल्यावर दोन दिवसांनी ताप आला, तर रक्तपेढीला फोन करून पिशवीवरचा क्रमांक किंवा दानाची तारीख सांगावी आणि 'माझं रक्त वापरू नका' एवढं म्हणावं. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, त्यामुळे ती पिशवी अजून शीतकपाटात असू शकते. प्लेटलेट्स मात्र साधारण पाच दिवसांत वापरून संपतात, म्हणून फोन त्याच दिवशी करावा.