किल्ली कुठे ठेवायची? सॉफ्टवेअरच्या लॉकची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या रबाळे, पावणे, महापे इथल्या टूलरूममध्ये मोल्डचे टूलपाथ (यंत्राचं हत्यार कोणत्या मार्गाने फिरेल त्या आज्ञा) काढणाऱ्या संगणकाच्या मागे एखादं यूएसबी लॉक अजूनही लटकलेलं दिसतं. ते लावलेलं असलं तरच सॉफ्टवेअर चालतं. ठाण्यात नौपाड्यातल्या सीएंच्या कार्यालयात असं लॉक सहसा नसतं. तिथे सिरीअल नंबर आणि इंटरनेटवरून झालेलं अ‍ॅक्टिव्हेशन पुरतं. वागळे इस्टेटमधल्या मोठ्या डिझाइन ऑफिसात लायसन्स सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना परवानगी वाटणारा एक संगणक, असतो आणि कोणी कोणतं मॉड्यूल उघडलं याची नोंद ठेवतो. या तिन्ही पद्धती वेगवेगळ्या काळातल्या आहेत, पण नवीने जुनीला पुरतं हटवलेलं नाही. कारण मूळ अडचण सुटलेलीच नाही. प्रोग्रॅम कितीही एन्क्रिप्ट केला, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात बदलला, तरी प्रोसेसरला तो उलगडूनच द्यावा लागतो, आणि उलगडायची किल्ली गिऱ्हाइकाच्याच यंत्रात न्यावी लागते. बँकेच्या व्यवहारात एन्क्रिप्शन दोघांना तिसऱ्यापासून वाचवतं. इथे तिसरा कोणी नाही. ज्याला किल्ली द्यायची, त्याच्यापासूनच ती जपायची आहे.

तक्रार जुनी आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून उघडं पत्र लिहिलं: आमचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं सॉफ्टवेअर) वापरतात बहुतेक सगळे, विकत घेतात थोडे. पत्रात संताप होता, तांत्रिक उपाय नव्हता. उपाय १९७९ मध्ये रॉबर्ट बेस्ट यांच्या अमेरिकी पेटंटात आला. प्रोग्रॅम मेमरीत एन्क्रिप्टेड स्वरूपातच ठेवायचा आणि प्रोसेसरच्या चिपच्या आत, चालवता चालवता उलगडायचा. म्हणजे किल्ली चिपबाहेर पडतच नाही. विचार अगदी नेमका होता, पण त्याला खास प्रोसेसर लागणार होता आणि आयबीएमचा पीसी आला तो इंटेलच्या साध्या चिपवर. पुढे डॅलस सेमिकंडक्टरने याच धर्तीचे मायक्रोकंट्रोलर काढले. त्यातल्या डीएस५००२एफपी या चिपचं एन्क्रिप्शन एकेका बाइटवर चालायचं. बाइटला २५६ च किमती असतात, त्या एकेक करून चिपला भरवल्या आणि ती काय करते हे पाहत गेलं की आतला मजकूर बाहेर काढता येतो. मार्कुस कून यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच करून दाखवलं. किल्ली सुरक्षित होती, पण एका वेळी एन्क्रिप्ट होणारा तुकडा, म्हणजे ब्लॉक, फार छोटा होता.

पीसीच्या जगात पहिली किल्ली ठेवली गेली ती फ्लॉपीवर, आणि त्यात एन्क्रिप्शनपेक्षा चलाखीच जास्त होती. सव्वापाच इंची ३६० केबी फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर. प्रोग्रॅमच्या मूळ फ्लॉपीवर एखादा सेक्टर मुद्दाम चुकीच्या क्रमांकाचा किंवा बिघडलेल्या चेकसमचा (मजकूर बरोबर आहे का हे पडताळणारा आकडा) लिहिलेला असायचा. डॉसची डिस्ककॉपी तो सेक्टर जसाच्या तसा उतरवू शकत नसे, आणि प्रोग्रॅम सुरू होताना आधी तीच खोट शोधायचा. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅमलाही मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये लागायची. त्याच वर्षी १० एमबी हार्डडिस्कचा पीसी एक्सटी आला आणि ही सोय गैरसोय झाली: प्रोग्रॅम हार्डडिस्कवर, तरी रोज सकाळी फ्लॉपी घालायचीच. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरली की पैसे भरून घेतलेला प्रोग्रॅम बंद, आणि कॉपी टू पीसीसारख्या साधनाने नक्कल काढणाऱ्याचा मात्र चालू. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बड्या कंपन्यांनी ही पद्धत सोडून दिली, ते ठीकच झालं.

मग किल्ली फ्लॉपीवरून निघून प्रिंटरच्या पोर्टवर आली. अमेरिकेतली रेनबो टेक्नॉलॉजीज, इस्राएलची अलादीन, जर्मनीतली १९८९ पासूनची विबू-सिस्टिम्स ही या धंद्यातली ठळक नावं. रेनबोचं सेंटिनेल आणि अलादीनचं हास्प ही दोन्ही कुटुंबं पुढे सेफनेटकडे, तिथून जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये थालेसकडे गेली. जुन्या लॉकचा ड्रायव्हर शोधताना चार कंपन्यांची नावं समोर येतात ती यामुळे. ऑटोकॅडला अमेरिकेबाहेर नव्वदच्या दशकातही हार्डवेअर लॉक लागायचं, त्यामुळे आपल्याकडच्या ड्रॉइंग ऑफिसांना डोंगल, म्हणजे हेच पोर्टला लावायचं लॉक, फार लवकर ओळखीचं झालं.

पॅरलल पोर्टच्या २५ पिनांमध्ये वीज देणारी पिन नसते. लॉक आपली वीज डेटा आणि कंट्रोलच्या तारांतूनच ओढायचं. एकामागे एक तीन लॉक आणि शेवटी बंद ठेवलेला प्रिंटर असला, की प्रिंटर त्या तारांवरचा व्होल्टेज खाली ओढायचा आणि लॉक सापडत नाही असा संदेश यायचा. प्रिंटर चालू केला की सॉफ्टवेअर चालू! कित्येक ऑफिसांत हा उपाय कारण न कळताच पाठ झाला होता. पुढचा घोळ विंडोज एनटीने घातला: तिथे प्रोग्रॅमला पोर्टला थेट हात लावता येत नाही, मध्ये ड्रायव्हर लागतो. यूएसबी लॉक आल्यावर विजेचा प्रश्न मिटला, ड्रायव्हरचा राहिला. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा जुना ड्रायव्हर चढतच नाही, म्हणून काही टूलरूममध्ये आजही एक विंडोज एक्सपीचा संगणक नेटवर्कपासून तोडून, फक्त लॉकपायी, जिवंत ठेवलेला असतो.

खरी गोष्ट मात्र लॉकच्या आत काय होतं याची आहे. सुरुवातीचे प्रोग्रॅम फक्त विचारायचे: लॉक आहे का? उत्तर हो किंवा नाही. हा प्रश्न एक्स८६ च्या मशीन कोडमध्ये एका सशर्त उडीवर येऊन थांबतो. तो बाइट हेक्साडेसिमल ७४ असेल तर त्याचा ७५ करा, किंवा सरळ ईबी करा, म्हणजे उडी बिनशर्त होते. लॉक हजारोंचं, आणि तोडायला एक बाइट. दुसऱ्या पिढीत प्रोग्रॅम लॉकला एक संख्या पाठवायचा आणि लॉक तिच्यावर गुप्त गणित करून उत्तर द्यायचं. पण आळसाने बहुतेक प्रोग्रॅम ठरावीक पाच-दहा संख्याच विचारायचे. तारेवरचं बोलणं एकदा टिपून घेतलं की प्रश्नोत्तरांचा तक्ता तयार, आणि तो तक्ता वाचून दाखवणारा नकली ड्रायव्हर म्हणजेच इम्युलेटर. २००१ मध्ये एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत प्रमाण ठरल्यावर लॉकमध्ये १२८ बिट एईएस आलं, प्रत्येक वेळी नवी संख्या आली, लॉक आणि प्रोग्रॅममधलं बोलणंही एन्क्रिप्टेड झालं.

तरीही प्रोग्रॅमने लॉककडून नुसता होकार घेतला तर एईएसचा उपयोग शून्य. तो एक बाइट आहे तिथेच असतो. टिकतं ते लॉक, ज्याच्याकडून प्रोग्रॅमला चालण्यासाठी खरोखर काही घ्यावं लागतं: एखादा कोष्टक उलगडून, एखादं सूत्र लॉकच्याच चिपमध्ये चालवून. हे काम विकसकाने हाताने करायचं असतं. बहुतेक जण त्याऐवजी एन्व्हलप नावाची तयार सोय वापरतात: अख्खी ईएक्सई फाइल एन्क्रिप्ट होते, पुढे छोटा लोडर बसतो आणि तो सुरुवातीला सगळं मेमरीत उलगडतो. उलगडलं की मेमरी डिस्कवर उतरवून घेता येते. म्हणून नंतरचे एन्व्हलप तुकड्या-तुकड्याने उलगडू लागले, आयात केलेल्या फंक्शनांची यादी मोडून ठेवू लागले. याचा दुष्परिणाम असा, की अँटिव्हायरसला असा प्रोग्रॅम व्हायरससारखाच दिसतो. मेलेलं सॉफ्टवेअर म्हणून तक्रार येते ते कधीकधी अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली अडकवून ठेवायच्या जागेत) पडलेलं असतं.

दुसरी वाट डिजिटल सहीची. १९७७ मध्ये आरएसए (सही करायची किल्ली वेगळी, ती तपासायची वेगळी, अशी पद्धत) आलं, पण सॉफ्टवेअरवाले बराच काळ सिरीअल नंबर तपासायचं सूत्र प्रोग्रॅममध्येच ठेवत राहिले. तपासायचं सूत्र म्हणजेच बनवायचं सूत्र, म्हणून कीजेन, म्हणजे नकली सिरीअल नंबर बनवणारे प्रोग्रॅम, निघाले. खासगी किल्ली कंपनीकडे आणि सार्वजनिक किल्ली प्रोग्रॅममध्ये ठेवली की नवा नंबर फक्त कंपनीच बनवू शकते. अडचण लांबीची. २०४८ बिट आरएसएची सही २५६ बाइटची, अक्षरांत सुमारे ३४४. ती कोण टाइप करणार? विंडोजच्या २५ अक्षरी कीमध्ये, २४ चिन्हांच्या वर्णमालेत, साधारण ११४ बिटच मावतात. त्यामुळे महागड्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरने सही फाइलमध्ये दिली. १९८८ मध्ये आलेलं फ्लेक्सएलएम हे लायसन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर याच वाटेने मोठं झालं. लायसन्स फाइलमध्ये मॉड्यूल, मुदत, संख्या आणि सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता साध्या अक्षरांत वाचता येतो, शेवटी सही. एक अक्षर बदललं की सही जुळत नाही.

लायसन्स सर्व्हर बसवताना बहुधा एकच गोष्ट अडते. फ्लेक्सएलएमचा एलएमजीआरडी हा मुख्य प्रोग्रॅम २७००० ते २७००९ मधला पोर्ट घेतो, पण सॉफ्टवेअर कंपनीचा व्हेंडर डेमन (मागे चालत राहणारा तिचा स्वतःचा प्रोग्रॅम) दर वेळी वेगळाच पोर्ट पकडतो आणि फायरवॉल तो अडवते. लायसन्स फाइलच्या व्हेंडर ओळीत पोर्टचा आकडा लिहायचा आणि फायरवॉलमध्ये दोन्ही उघडायचे. सेंटिनेलच्या नेटवर्क लॉकला १९४७ लागतो (हा आकडा आपल्याकडे कोणालाच लिहून ठेवावा लागत नाही), विबूच्या कोडमीटरला २२३५०. लायसन्स लॅपटॉपच्या वायफाय किंवा यूएसबी-लॅन अडॅप्टरच्या पत्त्यावर मागवू नये. अडॅप्टर बदलला की लायसन्स गेलं. लायसन्स बंद पडण्याचं दुसरं कारण याहून क्षुल्लक: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपतो, तारीख मागे जाते, आणि कोणीतरी मुदत वाढवायला घड्याळ मागे केलं असं समजून सॉफ्टवेअर बंद पडतं. सेल आधी बदलावा, सपोर्टला फोन नंतर.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीने किल्लीचा अर्धा भाग थेट कंपनीच्या सर्व्हरवर नेला. संगणकाच्या दहा घटकांवरून एक ठसा काढायचा, तो प्रॉडक्ट कीसोबत पाठवायचा, ३० दिवसांत अ‍ॅक्टिव्हेशन करायचं. इंटरनेट नसेल तर ५० आकडी इन्स्टॉलेशन आयडी फोनवर वाचून दाखवायचा आणि ४२ आकडी उत्तर टाइप करायचं. आज टॅलीचं सिल्व्हर किंवा गोल्ड लायसन्सही असंच यंत्राला बांधलं जातं. म्हणून संगणक फॉरमॅट करण्याआधी, हार्डडिस्क चालू असतानाच, जुन्या यंत्रावरून लायसन्स सरेंडर करायचं. एपीएमसीतल्या गाळ्यावर वर्षअखेरीला संगणक बदलतात आणि हे राहून जातं. मग कंपनीच्या नोंदीत लायसन्स अशा यंत्रावर अडकतं, जे केव्हाच भंगारात गेलेलं असतं.

कायदा मागून आला. संगणक प्रोग्रॅम भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने शिरले. १९९४ च्या दुरुस्तीतलं कलम ६३ब वापरणाऱ्यालाच धरतं: नक्कल आहे हे माहीत असून ती वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं. लॉक तोडणं हा स्वतंत्र गुन्हा झाला तो २०१२ मध्ये, कलम ६५अ ने. हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात एन्क्रिप्शनच्या संशोधनाला सूट आहे, आणि कायदेशीर प्रत असणाऱ्याने नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप काढणं कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही. हरवलेल्या डोंगलवर मात्र कायद्यात तोडगा नाही. पुष्कळशा करारांत हरवलेलं लॉक म्हणजे हरवलेलं लायसन्स, म्हणून टूलरूमचा विमा काढताना ते बोटाएवढं लॉक सॉफ्टवेअरच्या पूर्ण किमतीला यादीत लिहावं, यूएसबी पेनड्राइव्हच्या किमतीला नव्हे.