पावसाचे दोन दिवस: रात्री बाराचा आणि सकाळी साडेआठचा

रात्रीचे बारा वाजतात आणि घरच्या हवामान केंद्राच्या कन्सोलवरचा, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावरचा, ‘आजचा पाऊस’ शून्य होतो. बाहेर पत्र्यावर सर वाजतच असते, पागोळ्या गळतच असतात. पाऊस तोच असतो, फक्त तारीख बदललेली असते.

सकाळी शेजारचे काका विचारतात, “अरे, पेपरात तर १२० मिलिमीटर दिलाय, तुझ्या साइटवर ७०च कसा?” घरी हवामान केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. दोन ठिकाणी पाऊस कमीजास्त पडतो हे खरंच आहे, मापकात दोष असू शकतो हेही खरं. पण यंत्र उघडून साफ करायला बसण्याआधी एक गोष्ट पाहावी: दोन्ही आकडे एकाच दिवसाचे आहेत का?

आपल्या घरगुती केंद्राचा दिवस कॅलेंडरचा असतो, मध्यरात्री ते मध्यरात्री. डेव्हिस कंपनीचा कन्सोल घ्या किंवा वेदर अंडरग्राउंड या संकेतस्थळावरचं तुमच्या केंद्राचं पान घ्या, दिवसाचा पाऊस रात्री बाराला नव्याने मोजायला लागतो. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला संपतो. काल सकाळी ८.३० पासून आज सकाळी ८.३० पर्यंत जेवढा पडला, तेवढा आजच्या तारखेला लिहायचा. म्हणून मंगळवारी संध्याकाळी कोसळलेला पाऊस बुधवारच्या नोंदीत जातो आणि छापील पेपरात गुरुवारी दिसतो. आपण मात्र तो मंगळवारीच पाहिलेला असतो.

मुंबईचा २६ जुलै २००५ सगळ्यांच्या लक्षात आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. सांताक्रूझचा तो आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. लोकांच्या तोंडी तारीख २६, नोंदवहीत २७. जुन्या नोंदींचा तक्ता उघडून २६ जुलैच्या ओळीत ते ९४४ शोधणारा माणूस गोंधळतो, पण चूक तक्त्याची नसते.

साडेआठच का? कारण जगभरच्या हवामान निरीक्षणांची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर, दर तीन तासांनी लावलेली आहेत. तिथले पहाटेचे तीन म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेआठ. दुसरं कारण अगदी साधं आहे. ही पद्धत बसली तेव्हा पाऊस माणूस मोजत होता. रात्री बाराला कंदील घेऊन मापकापाशी कोण जाणार? दिवसातून एकदा, स्वच्छ उजेडात मोजायचा, हेच शहाणपणाचं होतं.

मी अजूनही अंगणात असा एक साधा मापक ठेवला आहे. सकाळी वरची चाडी, म्हणजे नरसाळं, काढायची, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपेल्यात ओतायचं, पेला डोळ्यांच्या पातळीवर धरायचा आणि पाण्याची कड मध्यभागी जिथे सर्वांत खाली असते तिथला आकडा वाचायचा. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर एक लिटर पाणी म्हणजे बरोबर ५० मिलिमीटर पाऊस. हा हिशेब एकदा हातानं केला की मिलिमीटर म्हणजे काय ते कायमचं समजतं. गच्चीवरच्या टिपिंग बकेटचं तसं नाही. तिचं इवलंसं पात्र ०.२ मिलिमीटर भरलं की कलंडतं आणि एक खूण पाठवतं. ती दिवसरात्र मोजत राहते, त्यामुळे तिच्यासाठी मध्यरात्र काय नि सकाळ काय, दोन्ही सारख्याच सोयीच्या.

आता खरी अडचण. समजा रात्री दहाला पाऊस सुरू झाला आणि दोनपर्यंत चालला. बाराच्या आधी ४० मिलिमीटर, बारानंतर ३५. तुमची साइट दोन दिवस दाखवेल, ४० आणि ३५, दोन्ही मध्यम. हवामान विभागाच्या हिशेबात तो एकच पाऊस ७५ होतो, आणि ६४.५ च्या पुढे गेला की तो ‘जोरदार’ गटात बसतो. महाराष्ट्रात पिकांच्या नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरची अट पाहिली जाते, तिथेही हा फरक लहान राहत नाही. (भरपाईसाठी अर्थातच सरकारी मापकाचा आकडा धरतात, आपल्या घरचा नाही. पण गावातली माणसं आपलीच साइट उघडून वाद घालतात, म्हणून ती बिनचूक हवी.)

याच्या उलटही होतं. पहाटे सहाला सुरू झालेली झड अकराला थांबली. साडेआठच्या आधी ४५, नंतर ५०. इथे मध्यरात्रीचा दिवस सगळा पाऊस एकत्र ठेवतो, ९५, आणि साडेआठचा दिवस त्याचे दोन तुकडे करतो. म्हणजे अमुक दिवस खरा आणि तमुक खोटा, असं म्हणता येत नाही. पण हवामान विभागाच्या अनेक वर्षांच्या सरासरीशी, जिल्ह्याच्या आकड्याशी किंवा पेपरातल्या आकड्याशी तुलना करायची असेल तर साडेआठचाच दिवस घ्यायला हवा, कारण त्या सगळ्या नोंदी त्याच मापाच्या आहेत. ‘काल आमच्याकडे किती पडला’ हे सांगायचं असेल, तर लोकांच्या मनातला काल रात्री बारालाच संपतो.

क्युम्युलससारख्या सॉफ्टवेअरमध्ये दिवस मध्यरात्री किंवा सकाळी नऊला बदलण्याचा पर्याय असतो. नऊचा पर्याय ब्रिटनच्या प्रथेतून आला आहे. आपल्याला तो जवळचा वाटतो, पण पावसाळ्यातल्या अर्ध्या तासात २० मिलिमीटरही पडू शकतो. शिवाय ब्रिटनमध्ये सकाळी मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या तारखेला लिहितात, आपल्याकडे मोजला त्या दिवसाच्या.

आणि एक तिसराच दिवस असतो, तो माझ्या साइटवर नकळत शिरला होता. सर्व्हर परदेशातला, त्याचं घड्याळ ग्रिनिचचं. त्याची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेपाचला होते. कोकणात मान्सूनचा जोर पुष्कळदा उत्तररात्री आणि पहाटेच असतो. त्यामुळे ऐन जोरातल्या पावसाचे दोन तुकडे पडत होते आणि माझे आकडे ना कन्सोलशी जुळत होते, ना अंगणातल्या मोजपेल्याशी. टिपिंग बकेट मी तीनदा धुतली. कारण सापडलं ते पाच-पाच मिनिटांच्या नोंदी कागदावर उतरवून बेरीज केल्यावर.

त्या पाच मिनिटांच्या नोंदी कधी पुसू नका. त्या असल्या की हवा तो दिवस नंतरही जुळवता येतो. नुसती दिवसाची बेरीज ठेवली तर येत नाही. मी आता साइटवर दोन आकडे देतो आणि प्रत्येकाखाली वेळ लिहितो: ‘रात्री १२ पासून’ आणि ‘काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३०’. दुसऱ्या आकड्याशेजारी अंगणातल्या मापकाचा आकडाही असतो. मुसळधार पावसात टिपिंग बकेट थोडं कमी मोजते, ते तिथे लगेच दिसतं. काकांचे फोन थांबलेले नाहीत, पण आता ते आधी विचारतात, “साडेआठचा सांग.”

मोसमाची बेरीज करतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं. मोसम १ जून ते ३० सप्टेंबर, पण १ जूनच्या नोंदीत ३१ मेच्या संध्याकाळचा वळीवही येतो. म्हणून ३१ मेच्या सकाळी साडेआठला मी मापक रिकामा करतो, चाडी पुसून पुन्हा बसवतो, आणि नवी वही त्याच दिवशी उघडतो.