घोड्याचं हेल्थ सर्टिफिकेट आणि खरेदीपूर्व तपासणी: लिलावात बोली लावण्याआधी हा फरक समजून घ्या

घोडा विकत घेताना पशुवैद्याच्या सहीचे दोन वेगवेगळे कागद हातात येऊ शकतात: हेल्थ सर्टिफिकेट आणि खरेदीपूर्व तपासणीचा अहवाल. दोन्हींवर घोड्याचं वय, रंग आणि खुणा लिहिलेल्या असतात, दोन्हींवर तपासणीची तारीख असते, आणि दोन्ही वाचून घोडा 'चांगला' आहे असंच वाटतं. म्हणून एक कागद मिळाला की लोक दुसऱ्याची चौकशीच करत नाहीत. ठाण्यात पशुवैद्य म्हणून काम करताना वरातीचा घोडा घेणाऱ्यांपासून मुलाला रायडिंगसाठी घोडा घेऊन देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा हा गोंधळ मी पाहत आलोय.

या वेळी प्रश्न आला तो अमेरिकेतून. माझी पुतणी कोलोराडोत शिकते. तिकडे काही विद्यापीठं घोड्यांचे लिलाव भरवतात. फोर्ट कॉलिन्सच्या कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचा 'लेजेंड्स ऑफ रँचिंग' हा त्यातला नावाजलेला. रँचवाले आपले तरुण घोडे विद्यापीठाकडे पाठवतात, अश्वविज्ञानाचे विद्यार्थी त्यांना खोगीर-लगामाची सवय लावतात, आणि लिलावाची व्यवस्थाही विद्यार्थीच पाहतात. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातही विद्यार्थ्यांनी हाताळलेले तरुण घोडे लिलावात विकून त्याच शिक्षणासाठी पैसा उभा केला गेलाय. मला ही पद्धत मनापासून आवडते. पुस्तकातून घोडा शिकता येत नाही. रोज त्याच्या खुरात हात घालावा लागतो, आणि या मुलांना ते करायला मिळतं.

पुतणीला अशाच एका लिलावात मैत्रिणीबरोबर भागीत घोडी घ्यायचीय. तिने कॅटलॉगचं पान पाठवलं आणि खाली लिहिलं, "काका, कॉगिन्स निगेटिव्ह आहे, हेल्थ सर्टिफिकेट पण आहे. मग वेगळा डॉक्टर कशाला? आणि पैसे तर विद्यापीठालाच जाणारेत ना."

तिला मी सांगितलं, "अगं, ते सर्टिफिकेट तुझ्यासाठी नाहीच. ती घोडी ज्या तबेल्यात जाणार, तिथल्या बाकीच्या घोड्यांसाठी ते आहे."

हेल्थ सर्टिफिकेटचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. हा घोडा एका जागेहून दुसऱ्या जागी गेला तर सोबत संसर्गजन्य रोग घेऊन जाईल का, एवढंच ते सांगतं. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घोडा न्यायचा तर ते साधारणपणे 30 दिवसांच्या आतलं लागतं, आणि सोबत कॉगिन्स चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागतो. तो बहुतेक ठिकाणी 12 महिने चालतो, काही ठिकाणी त्याहून ताजा मागतात. कॉगिन्स ही डॉ. लेरॉय कॉगिन्स यांनी 1970 च्या सुमारास बसवलेली रक्तचाचणी. इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया या विषाणूजन्य रोगाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आहेत का, ते ती शोधते. हा रोग घोडमाश्यांच्या चाव्यातून आणि एकच सुई अनेक घोड्यांना वापरल्याने पसरतो. त्यावर औषध नाही. एकदा लागण झालेला घोडा वरून धडधाकट दिसला तरी आयुष्यभर विषाणू बाळगतो. त्यामुळे तिकडे पॉझिटिव्ह घोड्याला एकतर दयामरण देतात, नाहीतर इतर घोड्यांपासून निदान 200 यार्ड दूर जन्मभर वेगळं ठेवतात.

आपल्याकडे याच जागी पहिलं नाव येतं ग्लँडर्सचं. हा जिवाणूजन्य रोग घोड्याकडून माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी, वाळत जाणारा घोडा. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली त्याची खबर सरकारला द्यावीच लागते आणि पॉझिटिव्ह ठरलेला घोडा जिवंत ठेवता येत नाही. खात्रीची चाचणी हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. प्राणी वाहतुकीच्या 1978 च्या नियमांनुसार घोडा गाडीत चढवायचा तर तो प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असं पशुवैद्याचं प्रमाणपत्र सोबत असावंच लागतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडबंदर रोडला किंवा पनवेलला घोडा आणणाऱ्या कुणीही हा कागद टाळू नये. तो टाळणारा माणूस शेजारच्या दहा घोड्यांचा आणि त्यांना खरारा करणाऱ्या पोरांचा जीव धोक्यात घालतो.

पण हा कागद काय सांगत नाही, तेही पाहा. घोडा लंगडतो का, डोळ्यात मोतीबिंदू आहे का, पळताना श्वास घोरतो का, पाठीवर माणूस बसला की उधळतो का, यातलं काहीही त्यात नसतं. सही करणाऱ्या डॉक्टरला ते विचारलेलंच नसतं. आणि जे विचारलेलं असतं तेही रक्त काढलं त्या दिवसापुरतंच खरं. कॉगिन्समध्ये दिसण्याइतकी प्रतिपिंडं तयार व्हायला लागणीनंतर काही आठवडे जातात, त्यामुळे अगदी नवी लागण निसटू शकते.

खरेदीपूर्व तपासणीचा प्रश्नच निराळा: या खरेदीदाराला, या कामासाठी, हा घोडा घेण्यात काय जोखीम आहे? इथे डॉक्टर खरेदीदाराचा असतो, फी खरेदीदार देतो आणि अहवालही त्यालाच मिळतो. विकणाऱ्याचे घोडे नेहमी पाहणारा डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी त्याने ही तपासणी करू नये. तो दोन्हीकडून अडचणीत येतो.

ही तपासणी प्रत्यक्ष कशी होते ते थोडं सविस्तर सांगतो, कारण एकदा पाहिली की दोन कागदांत गल्लत होणार नाही.

आधी घोडा ठाणात शांत उभा असताना पाहायचा. नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16. छातीला नळी लावून हृदयाचे ठोके सावकाश ऐकायचे, घाईत नव्हे. अंधाऱ्या जागी नेऊन डोळ्यात प्रकाश टाकायचा. तोंड उघडून दात पाहायचे. पुढचे पक्के दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला जोडीजोडीने येतात, त्यामुळे तरुण घोड्याचं वय लपवणं अवघड असतं. दाराची किंवा गव्हाणीची कड कुरतडलेली दिसली तर घोड्याला लाकूड धरून हवा गिळायची खोड आहे का, हे तिथेच विचारायचं.

मग पाय. प्रत्येक पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवायचा. सूज, ऊब, गाठ बोटांना कळते. खूर उचलून सांडशीसारख्या मोठ्या चिमट्याने तळवा जागोजागी दाबायचा. दुखरी जागा आली की घोडा पाय ओढून घेतो.

त्यानंतर खरी परीक्षा. घोडा कडक, सपाट जमिनीवर ढिल्या दोरीने सरळ दुडकी चालवायचा, लांब जाऊ द्यायचा आणि परत आणायचा. दोरी ढिली का, तर डोकं मोकळं हवं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याची, म्हणजे कमरेमागच्या भागाची, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वर-खाली होते. घोडेवाला तोंडाशी लगाम आवळून पळवत असेल तर हे काहीच दिसत नाही. त्याला हात ढिला सोडायला सांगा, आणि नाही म्हणाला तर तिथेच थांबा. येऊरच्या रस्त्यावर मी एकदा एक देखणा पांढरा घोडा पाहिला होता. मऊ मातीत तो अगदी साफ चालत होता. डांबरावर आणला तसं प्रत्येक दुसऱ्या टापेला डोकं वर जायला लागलं. सोबतचं प्रमाणपत्र खरं होतं. रोग त्याला कसलाच नव्हता. दुखत होता तो पुढचा डावा पाय.

पुढे एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्या सोडल्या घोडा पळवायचा. लपलेलं दुखणं पहिल्या काही पावलांत बाहेर येतं. मग गोल रिंगणात दोन्ही बाजूंनी, कडक आणि मऊ अशा दोन्ही जमिनींवर. मग स्वार बसवून दम लागेपर्यंत, म्हणजे श्वासाचा आवाज ऐकता येतो. थोडी विश्रांती, आणि पुन्हा दुडकी. गरजेप्रमाणे एक्स-रे, आणि घशात कॅमेरा. शेवटी रक्ताचा एक नमुना काढून जपून ठेवायचा, कारण वेदनाशामक दिलेला लंगडा घोडा तपासणीच्या दिवशी छान चालू शकतो. पुढे वाद झालाच तर त्या रक्तात औषध सापडतं.

इतकं करूनही अहवालात 'पास' किंवा 'नापास' असं काही नसतं. काय आढळलं आणि ठरलेल्या कामासाठी त्याचा अर्थ काय, एवढंच डॉक्टर लिहितो. घोट्यात जुना बदल असलेली शांत घोडी नवशिक्याला फेरफटक्यासाठी उत्तम ठरेल, पण तीच घोडी उड्यांच्या स्पर्धेसाठी घेऊ नये. म्हणून डॉक्टरला आधी खरं सांगा: कोण बसणार, वजन किती, आठवड्यातून किती वेळा, कशावर.

लिलावात हे सगळं अवघड का होतं? कारण वेळ कमी असतो आणि हातोडा पडला की संपलं. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 64 हेच म्हणतं: लिलावपुकाऱ्याने हातोडा आपटून किंवा रूढ पद्धतीने जाहीर केलं की विक्री पूर्ण. अमेरिकेतही नियम तसाच आहे, आणि घोड्यांच्या लिलावात 'आहे तसा' ही अट फार सर्रास असते. म्हणून तपासणी बोलीच्या आधी व्हायला हवी. पुतणीला मी सांगितलं, की विकणाऱ्याने काढलेले एक्स-रे पाहायला ठेवले असतील तर आपल्या डॉक्टरला वाचायला दे. आदल्या दिवशी विद्यार्थी घोडे चालवून दाखवत असतील तर तिथे जा. ज्या मुलीने ती घोडी तयार केली, तिच्याशी अर्धा तास बोल. नाल मारताना कशी वागते, ट्रेलरमध्ये चढते का, एकटी बाहेर न्यायला भिते का, शेवटची लंगडली कधी. विद्यापीठाच्या लिलावाची ही जमेची बाजू आहे, कारण घोड्याला रोज हाताळणारं माणूस समोर उभं असतं आणि त्याला त्या घोड्याची माया असते. बाजारात हे सुख नसतं.

निधीसाठीचा लिलाव म्हटलं की माणूस सैल होतो, हे मला समजतं. पैसा चांगल्या कामाला जातोय, चार हजार जास्त गेले तरी काय, असं वाटतं. पण आपण देतो ती आधी घोड्याची किंमत असते. अमेरिकेच्या करनियमातही अशा लिलावात वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कमच देणगी म्हणून धरता येते. विद्यापीठाला मदत करायची असेल तर वेगळी देणगी द्या, अगदी खुशीने द्या. घोडीची बोली मात्र तिच्या पायांकडे बघून लावा. तपासणी न करता घेतलेला घोडा सहा महिन्यांत लंगडा निघाला तर बहुतेक घरांना तो पोसणं जमत नाही. मग तो विकला जातो, पुन्हा विकला जातो, आणि दर वेळी किंमत उतरते, तशी देखभालही उतरते. अमेरिकेतले असे नकोसे घोडे शेवटी सीमेपलीकडे कत्तलीला जातात. आपल्याकडे ते दुखऱ्या पायांनी वराती ओढत राहतात.

आपल्या बाजारांत पारखीची स्वतःची रीत आहे आणि ती मी हलकी मानत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत जुनी माणसं घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का पाहतात, रेवाल ही हिसके न देणारी झपाट्याची चाल करून दाखवायला लावतात. ज्याची त्यावर श्रद्धा आहे त्याने जरूर पाहावं. चाल पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्यांच्या नजरेला पुष्कळ कळतं, कित्येकदा शिकाऊ डॉक्टरपेक्षा जास्त. फक्त रेवाल मऊ मातीत पाहून भागवू नका, यात्रेबाहेरच्या पक्क्या रस्त्यावरही घोडा आणून साधी दुडकी पाहा. आणि हिसारचा ग्लँडर्सचा अहवाल नसेल तर भोवरे कितीही शुभ असोत, पैसे देऊ नका.

दोन्ही कागद मिळाले आणि घोडा घरी आला, तरी पहिले दोन-तीन आठवडे त्याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि त्याला हाताळणाऱ्याने इतर घोड्यांचं काम आधी उरकून मग त्याच्याकडे जायचं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. घोड्याचं तापमान 99 ते 101 फॅरनहाइटच्या आसपास असतं. 101.5 च्या वर गेलं, खोकला आला किंवा जबड्याखाली गाठ लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरला बोलवा. खारघर-पनवेलकडच्या लहान तबेल्यांत जागा कमी म्हणून नवा घोडा पहिल्याच रात्री ओळीत बांधतात. जागाच नसेल तर खरेदी पुढे ढकला, किंवा विकणाऱ्याला तेवढे दिवस खोराकीचे पैसे देऊन घोडा त्याच्याकडेच ठेवा.