रक्तगट जुळला, मग आणखी काय जुळायचं?

किडनी बदलायची वेळ आली की घरातली माणसं आधी रक्तगट बघतात. थोरल्या भावाचा जुळतो, धाकट्या बहिणीचाही जुळतो, सगळ्यांना हायसं वाटतं. मग डॉक्टर आणखी एक तपासणी सांगतात आणि तिचा रिपोर्ट घरात गोंधळ उडवतो. एक भावंड पूर्ण जुळतं, दुसरं निम्मं, तिसरं अजिबातच नाही. एकाच आईबापांची लेकरं, मग असं कसं? कुणाच्या तरी मनात भलतीच शंकासुद्धा डोकावते. त्या शंकेला इथे मुळीच जागा नाही, आणि हे रुग्णाच्या घरच्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रक्तगट ठरतो नवव्या गुणसूत्रावर. ही दुसरी तपासणी असते सहाव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या पट्ट्याची. तिथे एचएलए नावाच्या जनुकांची वस्ती आहे. ए, बी, सी हा एक गट, डीआर, डीक्यू, डीपी हा दुसरा. ही जनुकं एकमेकांना इतकी खेटून आहेत की आईबापांकडून मुलाकडे येताना ती सहसा सुटी होत नाहीत, अख्खा जुडगा एकत्र येतो. वडिलांकडे असे दोन जुडगे, आईकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकेक मिळतो. म्हणजे चारच प्रकारच्या जोड्या शक्य आहेत. त्यामुळे एखादं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्मं जुळण्याची दोनात एक, काहीच न जुळण्याची पुन्हा चारात एक. आईबाप आणि मूल मात्र नेहमी किमान निम्मे जुळतातच. रुग्णाला तीन भावंडं असली, तरी त्यांतलं एकही पूर्ण न जुळण्याची शक्यता ४२ टक्के निघते. हा नुसता वाटणीचा खेळ आहे, नात्यातल्या खोटेपणाचा पुरावा नव्हे.

पण ही जनुकं मुळात आहेत कशासाठी? दुसऱ्याचा अवयव नाकारायला तर नक्कीच नाहीत. लाखो वर्षांत कुणी कुणाला किडनी दिलेली नव्हती.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जुनी प्रथिनं सतत मोडली जातात. त्यांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे बारीक तुकडे एचएलएचे रेणू उचलतात, पेशीच्या बाहेरच्या अंगाला नेतात आणि तिथे धरून ठेवतात. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पांढऱ्या पेशी, गस्त घालत येतात, तो तुकडा चाचपतात आणि ओळखीचा वाटला तर पुढे जातात. पेशीत विषाणू शिरला असेल तर त्याच्याही प्रथिनांचे तुकडे असेच बाहेर येतात आणि मग ती पेशी मारली जाते. टी-पेशी नुसता विषाणू बघत नाही, आपल्याच एचएलएच्या हातात धरलेला विषाणूचा तुकडा बघते, हे १९७४ मध्ये कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

तो हात प्रत्यक्ष दिसायला मात्र १९८७ साल उजाडलं. हार्वर्डमध्ये पामेला बियॉर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या गटाने एचएलए-ए२ या रेणूचे स्फटिक बनवले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना शोधून काढली. तळाशी आठ पट्ट्यांची चटई, तिच्या दोन्ही बाजूंना मळसूत्रासारखे वळलेले दोन कठडे आणि मधोमध लांबट खाच. आणि खाच रिकामी नव्हती. तिच्यात काहीतरी धूसर पडलेलं दिसत होतं, रेणूच्या आपल्या साखळीत कुठेच न बसणारं. तेच ते तुकडे. पेशीतून रेणू वेगळा काढला तेव्हा त्याने पकडलेला माल त्याच्यासोबतच आला होता, आणि प्रत्येक रेणूत तो वेगळा असल्याने चित्र धूसर आलं होतं. जीवशास्त्रात इतकं बोलकं चित्र मला दुसरं आठवत नाही.

माणसामाणसांतला एचएलएचा फरक नेमका या खाचेच्या भिंतींत आणि तळाशी एकवटला आहे. खाचेचा आकार बदलला की तिच्यात बसणारे तुकडे बदलतात. एचएलएचे आजवर नोंदवलेले प्रकार हजारोंच्या घरात आहेत, माणसाच्या इतर कुठल्याही जनुकांत इतकी विविधता नाही. ती उगाच साठलेली नाही. सगळ्यांची खाच एकसारखी असती, तर त्या खाचेत न बसणारा एखादा विषाणू अख्खी जमात आडवी करून गेला असता. चित्त्यांचं उदाहरण बघा. १९८५ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी नात्यात नसलेल्या चित्त्यांची त्वचा एकमेकांवर लावून पाहिली, तर ती परक्यासारखी झिडकारली गेली नाही. चित्त्यांची संख्या पूर्वी कधीतरी फारच घटली होती, त्यात त्यांच्यातली विविधता गेली. अमेरिकेतल्या एका प्राणी-उद्यानात मांजरांच्या कोरोना विषाणूने बरेच चित्ते मेले, तेव्हा त्या संशोधकांनी त्याचाही संबंध या सारखेपणाशी जोडला. कुणाचीही त्वचा कुणालाही चालावी, ही सोय चित्त्यांना महागात पडली.

विविधतेची किंमत माणसाला वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते. पाठीचा कणा हळूहळू ताठ करणाऱ्या अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत एचएलए-बी२७ हा प्रकार सापडतो. हा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. पण हेच वाक्य उलटं वाचून लोक घाबरतात. बी२७ असलेल्या बहुसंख्य माणसांना तो आजार आयुष्यात कधीच होत नाही, म्हणून रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द म्हणजे आजाराचं निदान नव्हे. गंमत म्हणजे हाच बी२७ एचआयव्हीला बराच काळ रोखून धरण्यात इतरांपेक्षा सरस ठरतो. विषाणूच्या गाभ्यातला जो भाग त्याला सहजासहजी बदलता येत नाही, त्याचा तुकडा या खाचेत चपखल बसतो. तेव्हा एखादा प्रकार चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे.

सीलियाक आजारात डीक्यू२ किंवा डीक्यू८ च्या खाचेत गव्हातल्या ग्लुटेनचे तुकडे घट्ट बसतात आणि टी-पेशी आतड्याच्या अस्तरावर उठतात. लहानपणी सुरू होणाऱ्या मधुमेहातही डीआर३ आणि डीआर४ यांचा मोठा हात असतो.

खाच काय करू शकते, याचा सगळ्यात थेट पुरावा एका औषधाने दिला. अबाकाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध. काही रुग्णांना ते घेतल्यावर ताप, पुरळ, उलट्या, धाप असा जिवावर बेतणारा त्रास व्हायचा. २००२ मध्ये उलगडलं की हा त्रास एचएलए-बी*५७:०१ असणाऱ्यांना होतो. पुढे स्फटिकचित्रात दिसलं की औषधाचा रेणू थेट खाचेत जाऊन बसतो. त्यामुळे खाचेचा आकार बदलतो, शरीराचेच पण आजवर कधी न दाखवलेले तुकडे तिच्यात मावू लागतात, आणि टी-पेशींना घरचीच पेशी परकी वाटते. आता हे औषध सुरू करण्याआधी ही जनुक-तपासणी करतात. ज्यांच्यात हा प्रकार सापडतो त्यांना दुसरं औषध मिळतं आणि तो त्रास होतच नाही.

प्रत्यारोपणात नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. दुसऱ्याच्या किडनीतली प्रत्येक पेशी वेगळ्या आकाराच्या खाचा मिरवत आत येते. महायुद्धाच्या काळात ग्लासगोत पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन यांनी भाजलेल्या एका तरुणीला तिच्या भावाच्या त्वचेचे बारीक तुकडे लावले. ते काही दिवस टिकले आणि मग गळाले. पुन्हा त्याच भावाचे तुकडे लावले, तर ते आणखी लवकर गळाले. शरीराने भावाला लक्षात ठेवलं होतं. म्हणून १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांत. रोनाल्डने रिचर्डला किडनी दिली. त्याआधी एकाची त्वचा दुसऱ्यावर लावून ती टिकते का, हे बघितलं होतं. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला.

आज किडनीसाठी पूर्ण जुळणीचा हट्ट धरत नाहीत. १९८० च्या दशकात आलेल्या सायक्लोस्पोरिनने आणि नंतरच्या औषधांनी टी-पेशींना आवर घालता येतो. अस्थिमज्जेचं तसं नाही. तिथे दात्याच्या प्रतिकार-पेशीच रुग्णाच्या अंगात येतात आणि जुळणी कच्ची असेल तर त्या रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडतात.

किडनीच्या बाबतीत खरी अडचण असते ती रुग्णाच्या रक्तात दात्याच्या एचएलएविरुद्ध आधीपासून असलेल्या प्रतिपिंडांची, म्हणजे परक्याला चिकटणाऱ्या प्रथिनांची (अँटिबॉडी). ती शोधायला पॉल तेरासाकी यांनी १९६० च्या दशकात साधी, सुबक पद्धत काढली. छोट्या खळग्यांच्या तबकडीत रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवाचा, अगदी बारीक थेंब, त्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी, वर सशाचं सीरम (प्रतिपिंडं चिकटलेल्या पेशी त्याने मरतात) आणि शेवटी रंग. मग डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा. जिवंत पेशी काचेच्या मण्यांसारख्या चकाकतात, मेलेल्या रंग पिऊन काळवंडतात. थेंब काळा दिसला तर किडनी द्यायची नाही. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी आकडे मांडले. ज्या ३० जणांत ही चाचणी पॉझिटिव्ह होती, त्यांतल्या २४ जणांची नवी किडनी लगेच निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत हे फक्त ८ वेळा घडलं.

ही प्रतिपिंडं येतात कुठून? आधी घेतलेल्या रक्तातून, आधीच्या प्रत्यारोपणातून आणि बाळंतपणातून. गर्भ आईला निम्मा परका असतो. वारेच्या पेशी एचएलए-ए आणि एचएलए-बी अंगावर दाखवतच नाहीत, म्हणून तो नऊ महिने सुखरूप राहतो. पण बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतातच, आणि कित्येक आयांच्या अंगात वडिलांकडून आलेल्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. नेदरलँड्समध्ये यॉन फान रोड यांना १९५८ मध्ये ती अशाच आयांच्या रक्तात सापडली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी पहिला एचएलए प्रकार ओळखला. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत जुळणी तपासली जायची ती बाळंत झालेल्या बायकांच्या सीरमने.

त्याच बाईवर पुढे किडनी बदलायची वेळ आली, तर नवऱ्याची किडनी तिच्या रक्ताला चालेलच असं नाही, आणि पोटच्या पोराचीही नाही, कारण त्याच्या अंगात बापाचाच जुडगा आहे. दोघेही द्यायला तयार असतात आणि तबकडीतला थेंब काळा निघतो. मग अशीच अडचण असलेलं दुसरं जोडपं शोधतात. हिच्या नवऱ्याची किडनी तिला, तिच्या नवऱ्याची हिला. त्याआधी दोघींच्याही रक्ताची नव्या दात्याच्या पेशींशी पुन्हा तपासणी होते.