आधी मिसळ, मग कुंपण

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की कोर्लई येतं. समुद्रात घुसलेला डोंगर, माथ्यावर किल्ला, पायथ्याशी होड्या. इथल्या ख्रिस्ती घरांत आई पोराला हाक मारते ती ना मराठीत, ना कोकणीत. ही माणसं आपल्या बोलीला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे जेमतेम हजारभर.

शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी ऐका. पोर्तुगीज माणूस 'मी पितो पाणी' या क्रमाने बोलतो. कोर्लईकर मात्र आपल्यासारखं क्रियापद शेवटी ठेवतो. अशा बोलीला भाषाशास्त्रात 'क्रिओल' म्हणतात, आणि गावात कोण कोण आलं याची नोंद कोणत्याही दप्तरापेक्षा ती जास्त प्रामाणिकपणे ठेवते, असं मला वाटतं.

पोर्तुगीजांनी 1521 मध्ये खाडीपलीकडच्या चौल बंदरात किल्ला बांधायला घेतला आणि 1594 मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर घेतला. शिपाई, स्थानिक बायका, बाटलेली गरीब कुटुंबं आणि गुलाम यांच्या सहवासात ही बोली घडली. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. ऐपत होती ते साहेब निघून गेले, गरीब मागे राहिले. धर्म वेगळा, त्यामुळे शेजारच्या कोळ्यांशी किंवा मुसलमानांशी बेटीव्यवहार नाही. म्हणून घरातली बोली टिकली. बाजारहाट मात्र मराठीत, म्हणून क्रियापद सरकत सरकत शेवटी गेलं.

हा किनारा त्याआधीही एकजिनसी नव्हताच. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसूदी चौलला, त्याच्या भाषेत 'सैमूर'ला, आला तेव्हा त्याने तिथे सुमारे 10,000 मुसलमान असल्याचं लिहिलं. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, शिवाय इथेच जन्मलेले. त्या इथल्या लेकरांना 'बयासिरा' असं वेगळं नावच होतं.

खाडीच्या अलीकडे, रेवदंड्यात, बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. 2016 मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वडिलांकडून आणि आईकडून आलेले डीएनएचे धागे दर पिढीत तुटून अदलाबदल होऊन जोडले जातात. त्यामुळे एखाद्या पूर्वजाकडून आलेला सलग तुकडा पिढ्यांमागून आखूड होत जातो. तुकड्यांची लांबी मोजली की मिसळ किती पिढ्यांपूर्वी झाली याचा अंदाज बांधता येतो. इथे उत्तर आलं 19 ते 33 पिढ्या, म्हणजे साधारण 650 ते 1,050 वर्षं. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आला, भारतीय वारसा मुख्यतः बायकांकडून. त्यानंतर लग्नं बहुतांशी जमातीतच झाली.

भाषा आणि रक्त ही दोन अगदी वेगळी साधनं, तरी दोन्ही एकच क्रम सांगतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. आधी मोकळी मिसळ, मग लग्नाचं कुंपण. परक्या बंदरातून आलेला बाप आणि इथली आई.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. कोर्लईची मुलं मराठी शाळेत जातात. घरी आल्यावर आजीला उत्तर मात्र अजून 'आमच्या भाषेत' देतात.