ॲडमिन-ॲडमिनची जुनी खोड

केबलवाला पोरगा येतो, वायर ओढतो, राउटर खिळ्याला टांगतो, वायफायला काय नाव देऊ विचारतो आणि पुढच्या घरी पळतो. पण आत सेटिंगच्या पानाचा अजून एक पासवर्ड असतो, तो 'ॲडमिन'चा 'ॲडमिन'च राहतो, कारण तो बदलायचा असतो हे ना त्याने सांगितलेलं असतं ना आपण विचारलेलं. कंपनीला लाखो डबे एकाच पासवर्डने पाठवणं सोपं, फोनवर सपोर्टवाल्यालाही सांगायला सोपं. असले पासवर्ड कायद्याने बंद व्हायला ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 उजाडला.

सोयीचंच दुसरं पिल्लू म्हणजे डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायला झटपट जोडून घ्यायची सोय. लांबलचक पासवर्ड नको, 8 आकडी पिन टाका की झालं! शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणजे तरी 1 कोटी शक्यता उरतात ना? पण डिसेंबर 2011 मध्ये श्टेफान फीबॉक या सुरक्षा-संशोधकाने दाखवलं की राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार चुकले तर तसं सांगूनही टाकतो, मग पहिल्या चारांचे 10 हजार अधिक उरलेल्या तीनांचे 1 हजार, फार तर 11 हजार प्रयत्न, काही तासांचं काम. कुलपानेच चोराला 'गरम-थंड' सांगत बसण्यातला प्रकार. म्हणून डब्ल्यूपीएस बंदच ठेवा.

2014 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीने राउटरमधली 'मिसफॉर्च्युन कुकी' नावाची चूक उघड केली, किमान 1 कोटी 20 लाख डबे त्यात सापडले. वैताग म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमधली ती चूक 2005 मध्येच दुरुस्त झालेली, पण चिपवाला, राउटरवाला, इंटरनेटवाला अशी साखळी, प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं की अपडेट घरापर्यंत पोचतो कशाला! तुमच्या मॉडेलचे अपडेट थांबले असतील तर चालतंय म्हणून ओढत बसू नका.

मग 2016 चा मिराई, म्हणजे डबे बळकावणारं मालवेअर, घातक सॉफ्टवेअर. ह्याच्यात डोकं लावलेलंच नाही फारसं, साठेक ठरलेले नाव-पासवर्ड एकेक करून लावून बघायचे, बस्स. 21 ऑक्टोबरला अशा बळकावलेल्या उपकरणांकडून, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स लटकले. नोव्हेंबरअखेर त्याच्याच भावंडाने दूरून दुरुस्तीसाठी ठेवलेलं पोर्ट 7547, म्हणजे राउटरचं एक दारच, धरलं आणि जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या 9 लाखांच्या आसपास ग्राहकांचं नेट गेलं. बाहेरून सेटिंग उघडायची सोय आपल्या राउटरवर चालू असेल तर बंद करा. आपल्याकडे जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे मोडेम मालवेअरने पाडले, तेही पासवर्ड न बदललेले, आणि मग ग्राहकांना सांगावं लागलं की बाबांनो, बदला.

मे 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर आलं, 54 देशांत किमान 5 लाख डबे. एफबीआयने लोकांना राउटर बंद-चालू करायला सांगितलं, पण त्याचा पहिला टप्पा रीस्टार्टनंतरही आत टिकून राहायचा, तो काढायला फॅक्टरी रीसेटच मारावा लागे. आणि रीसेट मारला की पासवर्ड परत ॲडमिन.