सबवूफरचा जास्तीचा बेस आटोक्यात आणणं

घरातल्या साउंड सिस्टीमचा बेस गाण्यात मिसळायच्या ऐवजी गाण्यावर चढून बसला की त्याला ताब्यात आणायला जे काही करतात ते सगळं यात येतं. बहुतेक लोक आधी सबवूफरचा, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा, व्हॉल्यूम कमी करतात, पण त्याने सगळाच बेस पातळ होतो आणि घुमणारा तो एक सूर तसाच डोकं वर काढून राहतो, कारण दोष बऱ्याचदा सबवूफरचा नसतोच, खोलीचा असतो.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लहर अडकते आणि ज्या लहरीची अर्धी लांबी दोन भिंतींमधल्या अंतराएवढी भरते ती फुगते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ४ मीटरची खोली ४३ हर्ट्झच्या (सेकंदाला ४३ कंपनांच्या) आसपास घुमणार. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झ, आणि पहिला फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची पहिली पट्टी) दाबला की ४३.७, तेव्हा अशा खोलीत नेमके हेच सूर धाडकन अंगावर येतात.

म्हणून आधी सबवूफरची जागा बदलायची. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून बेस सगळ्यात जास्त फुगवतात, तिथून सबवूफर बाहेर काढायचा. जागा शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे सबवूफर चक्क आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, बेसचं गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यावर भिंतीकडेने फिरायचं, जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर तोही थोडा पुढे घ्यावा, भिंतीपाशी बेस जास्तच लागतो.

मग सेटिंग. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झपासून सुरू करावा, बेस बूस्ट, लाउडनेस ही बेस वाढवणारी बटणं बंद, फेज (सबवूफरची लहर सरळ की उलटी ते ठरवणारं बटण) दोन्हीकडे फिरवून ऐकावा. इक्वलायझरने (वेगवेगळे सूर कमीजास्त करायच्या सोयीने) फुगलेला सूर अरुंद पट्ट्यात कापता येतो, पण जिथे बेस गायबच होतो तो खड्डा बूस्ट करून भरत नाही, उगाच अॅम्प्लिफायरवर ताण येतो.

भिंतीला पातळ फोम लावून इथे काही होत नाही, ४३ हर्ट्झची लहर ८ मीटर लांब असते, तिला खूप जाड बेस ट्रॅपच (बेस शोषून घेणारे थर) लागतात. सबवूफरखालचं रबरी पॅड फक्त जमिनीत उतरणारी थरथर कमी करतं, हवेतून शेजाऱ्यांकडे जाणारा बेस त्याने थांबत नाही.